‘संगणक कंपनीतून बोलतो’ असे सांगणारे बनावट फोन : घरातील ज्येष्ठांसाठी नेमके काय करावे?

गोदाकाठची लेक

नमस्कार. महिनाभरापूर्वी आमच्या घरी जे घडले ते सविस्तर मांडण्यासाठी हा धागा सुरू करत आहे. लिहिण्याआधी वडिलांना विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘‘रक्कमही लिही. नाहीतर लोकांना वाटेल की दोन-चार हजारांची गोष्ट आहे.’’ म्हणून लिहिते : १,८६,००० रुपये.

वडील ७१ वर्षांचे आहेत. नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये त्यांनी ३४ वर्षे नोकरी केली. जिथे प्रत्येक कागद मोजून हाती दिला जातो आणि मोजूनच परत घेतला जातो, अशा ठिकाणी त्यांचे आयुष्य गेले. पंधरा वर्षांपूर्वीच्या वीजबिलाची पावती मागितली तरी ती ते दोन मिनिटांत काढून देतात. असा माणूस फसतो कसा, हे आमच्या जवळजवळ प्रत्येक नातेवाइकाने विचारले आणि पैसे गेल्यापेक्षाही त्या प्रश्नाने त्यांना जास्त दुखावले.

दुपारची वेळ होती आणि ते लॅपटॉपवर पंचांग पाहत होते. अचानक सगळी स्क्रीन एका खिडकीने व्यापली, भोंगा वाजू लागला आणि एका बाईचा आवाज आधी इंग्रजीत, मग हिंदीत सांगू लागला की संगणकात व्हायरस शिरला आहे, संगणक बंद केल्यास सर्व माहिती नष्ट होईल, ताबडतोब दिलेल्या क्रमांकावर फोन करावा. एका जगप्रसिद्ध संगणक कंपनीचे चिन्ह वर ठळकपणे दिसत होते. माउसने काही बंद होईना, तेव्हा वडिलांनी तो फोन केला.

समोरचा माणूस अतिशय अदबीने बोलत होता. त्याने आपला कर्मचारी क्रमांक आपणहून सांगितला आणि वडिलांना तो लिहूनही घ्यायला लावला. (त्यांच्या डायरीत तो अजून आहे, अगदी सुवाच्य अक्षरात.) मग त्याने एक ॲप उतरवून घ्यायला सांगितले आणि त्यावर दिसणारा क्रमांक वाचून दाखवायला सांगितला. त्यानंतर माउसचा बाण आपोआप हलू लागला. लाल खुणांनी भरलेली एक लांबलचक यादी उघडून तो म्हणाला की, हे सगळे तुमच्या बँक खात्यात शिरण्याचे प्रयत्न आहेत. पुढे त्याने ‘बँकेच्या सुरक्षा विभागाला’ फोन जोडून दिला. त्या दुसऱ्या माणसाने असे सांगितले की तुमच्याच शाखेतील कोणी कर्मचारी यात सामील असण्याची शक्यता आहे, तपास गोपनीय आहे, त्यामुळे शाखेत आणि घरातही याविषयी काही बोलू नये. नेटबँकिंग उघडायला लावल्यावर स्क्रीन काळी झाली आणि ‘तपासणी सुरू आहे’ एवढीच अक्षरे उरली. या काळात वडिलांनी तीन वेळा ओटीपी वाचून दाखवला. हे सगळे २ तास ४० मिनिटे चालले. आईने दोनदा चहा आणून ठेवला आणि दोन्ही वेळा त्यांनी तिला हातानेच थांबवले.

पुढचे दोन दिवस ते कोणाशीही काही बोलले नाहीत. रविवारी मी माहेरी गेले, तेव्हा लॅपटॉप जुन्या पंच्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेला होता आणि राउटरची पिन काढलेली होती. जेवताना त्यांनी मला विचारले, ‘‘संगणक बंद असला तरी त्यातून पैसे जाऊ शकतात का गं?’’ मग सगळे बाहेर आले. मी त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, परंतु तोपर्यंत दोन दिवस उलटून गेले होते. पुढच्या खात्यांमधून ३८,००० रुपये तेवढे गोठवता आले.

मला जे सांगायचे आहे ते एवढ्यासाठी की, त्या माणसाने वडिलांच्या अज्ञानावर डाव टाकला असे मला आता वाटत नाही. साहेबाने सांगितलेली गोपनीय गोष्ट बाहेर बोलायची नाही, समोरचा बोलत असताना मध्येच फोन ठेवायचा नाही, हातात घेतलेले काम अर्धवट सोडायचे नाही, या त्यांच्या आयुष्यभराच्या चांगल्या सवयींवर त्याने डाव टाकला. अशा माणसाला ‘सावध राहा’ एवढे सांगून काय उपयोग? ते सावधच होते. म्हणून येथील जाणकारांना विनंती आहे की या प्रकाराच्या खुणा, त्यामागची खरी तांत्रिक बाजू आणि त्या वेळी करायच्या नेमक्या कृती कृपया लिहाव्यात. मी त्या छापून वडिलांच्या ज्येष्ठ नागरिक संघात देणार आहे.

जुना मदरबोर्ड

ताई, हे लिहिल्याबद्दल तुमचे आणि काकांचे मनापासून आभार. एमजी रोडवर संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात मला बरीच वर्षे झाली. अशी प्रकरणे दुकानात येतात तेव्हा लोक सहसा ‘मशीन हळू चालते’ असे सांगतात आणि खरी गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळते. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी त्या भोंग्याविषयी. ते फक्त एक वेबपान असते. एखाद्या संकेतस्थळावरील जाहिरातीतून ते उघडते, पूर्ण स्क्रीन व्यापते आणि माउसचा बाण लपवते, त्यामुळे संगणक अडकला असे भासते. त्या क्षणी संगणकाला काहीही झालेले नसते. एस्केप हे बटण काही सेकंद दाबून धरले की पान लहान होते. तरीही अडले तर ऑल्ट आणि एफ-४ एकत्र दाबावे, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा व तेथून ब्राउझर बंद करावा. हेही जमले नाही तर पॉवरचे बटण दाबून धरावे आणि लॅपटॉप सरळ बंद करावा. ‘बंद केल्यास माहिती नष्ट होईल’ हे वाक्य माणसाने फोन उचलावा म्हणूनच लिहिलेले असते. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर ‘आधीची पाने उघडू का’ असे विचारतो, तेथे नकार द्यावा. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलेले आहे की विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीही नसतो आणि संगणक दुरुस्त करून देण्यासाठी कंपनी आपणहून कोणाला फोन करत नाही. म्हणजे स्क्रीनवर व्हायरसची सूचना आणि शेजारी फोन क्रमांक दिसला की तेवढ्यावरच निर्णय करून टाकावा, पुढे तपासत बसण्याचे कारण उरत नाही.

आता काकांना दाखवलेल्या लाल खुणांच्या यादीविषयी. तिचे नाव इव्हेंट व्ह्यूअर. विंडोज आपल्या बारीकसारीक घडामोडींची त्यात नोंद ठेवते. एखादा प्रिंटर सापडला नाही, एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली, तरी तिथे ‘एरर’ किंवा ‘वॉर्निंग’ अशी नोंद पडते. माझ्या दुकानातील नवाकोरा लॅपटॉपही आठवडाभर चालवला की त्यात अशा नोंदी भरपूर जमतात. त्यांचा बँक खात्याशी काडीचाही संबंध नसतो.

दुसरी एक युक्ती याहून फसवी आहे. हे लोक आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) ‘असॉक’ ही आज्ञा द्यायला सांगतात. तिच्या यादीच्या शेवटी अंक आणि अक्षरांची एक लांब मालिका येते, जी ८८८डीसीए६० अशी सुरू होते. फोनवरचा माणूस म्हणतो की ही तुमच्या संगणकाची एकमेव ओळख आहे, ती आमच्या नोंदीत आहे, आता मी ती वाचतो आणि तुम्ही ताडून पाहा. ती जुळते, आणि ऐकणाऱ्याचा संशय तेथेच मावळतो. प्रत्यक्षात ती मालिका ‘सेंड टू’ यादीतील एका साध्या सुविधेची असते आणि विंडोजच्या कोणत्याही संगणकावर तीच दिसते. ‘नेटस्टॅट’ या आज्ञेचेही तसेच. तिच्यात ‘फॉरेन ॲड्रेस’ असा रकाना असतो. त्याचा अर्थ एवढाच की तुमचा संगणक ज्या दुसऱ्या संगणकाशी जोडला गेला आहे त्याचा पत्ता. परदेशातील चोर तुमच्या घरात शिरला आहे, असा अर्थ हे लोक त्याला चिकटवतात. सर्व्हिसेसच्या यादीत ‘थांबलेली’ असे लिहिलेल्या सेवा दाखवणे हाही नेहमीचा प्रकार, वास्तविक गरज नसलेल्या सेवा थांबलेल्या असणे हेच योग्य असते.

अलीकडे त्यांना एक खरा धागाही हाताशी मिळाला आहे. विंडोज १० या आवृत्तीला कंपनीकडून मिळणारे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. वर्तमानपत्रात ते लोकांनी वाचलेले असते. त्यामुळे ‘तुमच्या विंडोजची मुदत संपली आहे’ असा फोन आला की तो खरा वाटतो. मुदतीची बातमी खरी असली तरी त्यासाठी कंपनीचा फोन घरी येत नाही.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी दुसऱ्याचा संगणक दुरून चालवण्याची ॲप मुळात चांगल्या कामासाठी बनवलेली आहेत आणि आम्ही दुरुस्तीवालेही ती वापरतो. म्हणूनच अँटिव्हायरस त्यांना सहसा अडवत नाही. परंतु त्यातील क्रमांक सांगून परवानगी दिली की समोरच्याला तुमच्या खुर्चीत बसवल्यासारखे होते. तो फाइल पाहू शकतो, तुम्हाला काळी स्क्रीन दाखवून मागे काम करू शकतो, आणि पुढच्या वेळी न विचारता शिरता यावे म्हणून स्वतःचा पासवर्डही घालून ठेवू शकतो. आणखी एक गोष्ट बघण्यात आली आहे. ‘तुम्हाला परतावा देतो’ असे सांगून हे लोक बँकेच्या पानावरील शिल्लक बदललेली दाखवतात. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून कोणत्याही पानावरील आकडा आपल्यापुरता बदलता येतो. बँकेत काहीच बदललेले नसते. मग ‘चुकून जास्त पैसे आले, माझी नोकरी जाईल, परत पाठवा’ अशी गयावया सुरू होते आणि भल्या माणसाला ते खरे वाटते.

जोडणी झालीच असेल तर पहिले काम म्हणजे राउटरची पिन काढणे. काकांनी ती काढली हे अगदी योग्य केले, फक्त दोन तास उशीर झाला. मग दुसऱ्या मोबाइलवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून ई-मेल आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत, त्याच लॅपटॉपवरून बदलू नयेत. ई-मेलच्या सेटिंगमध्ये आपल्या पत्रांची प्रत कोणा तिऱ्हाइताला आपोआप जात नाही ना, हे बघावे. ब्राउझरमध्ये साठवलेले सर्व पासवर्ड गेले असेच धरावे. जोडणी एवढा वेळ चाललेली असेल तर मी स्वतः फोटो व कागदपत्रे बाजूला काढून विंडोज नव्याने टाकण्याचाच सल्ला देतो. मात्र पोलिसांत तक्रार करण्याआधी काहीही पुसू नये. ॲपमध्ये समोरच्याचा क्रमांक आणि वेळ यांची नोंद राहते. आधी तिचे फोटो काढून ठेवावेत.

निफाडची सून

आमच्याकडे लॅपटॉप नाही, सगळे व्यवहार मोबाइलवरच होतात. द्राक्षाचे पैसे खात्यात जमा होतात त्या दिवसांत असे फोन जास्त येतात की काय, अशी शंका मला नेहमी येते. आमच्या सासूबाईंनी गॅसच्या तक्रारीसाठी इंटरनेटवर ग्राहक सेवेचा क्रमांक शोधला. जो क्रमांक सर्वांत वर आला तो बनावट निघाला. त्याने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली आणि ती उघडायला सांगितली. सुदैवाने फोनमध्ये जागा शिल्लक नव्हती म्हणून ती उतरली नाही. मोबाइलवरही हाच धोका असतो का? आणि अशी फाइल उतरलीच तर काय करावे?

जुना मदरबोर्ड

वहिनी, धोका तोच आहे, किंबहुना थोडा जास्त, कारण ओटीपी त्याच फोनवर येतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना एनीडेस्कच्या मार्गाने होणाऱ्या यूपीआय फसवणुकीबद्दल सावध केले होते. तुम्हाला आलेली फाइल बहुधा ‘एपीके’, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल असणार. ती उतरली की एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि मिळाली की तुमचे ओटीपी परस्पर पुढे पाठवते. अशी फाइल चुकून उघडली गेलीच तर फोनचा फ्लाइट मोड सुरू करावा, वाय-फाय बंद आहे याची खात्री करावी, सिमकार्ड काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घालावे आणि त्या साध्या फोनवरून बँकेला व १९३० ला कळवावे. स्मार्टफोन नंतर सावकाश साफ करता येतो.

ग्राहक सेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधण्याऐवजी गॅसच्या पुस्तिकेवर, वीजबिलावर, एटीएम कार्डाच्या मागे किंवा पासबुकवर छापलेला असतो तोच घ्यावा. शोधात सर्वांत वर येणारे उत्तर अनेकदा पैसे भरून लावलेली जाहिरात असते.

खतावणी

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. शाखेत बसून मी अशी माणसे पाहिली आहेत, त्यामुळे काकांचा चेहरा न पाहताही मला दिसतो आहे.

१९३० विषयी आधी. ही यंत्रणा केंद्रीय गृह मंत्रालयाने एप्रिल २०२१ मध्ये सुरू केली. तेव्हा क्रमांक १५५२६० होता, नंतर तो १९३० झाला. लोक तिला तक्रार नोंदवण्याची खिडकी समजतात आणि ‘आधी शाखेत जाऊन विचारू, मग बघू’ असे म्हणतात. तिचे खरे काम वेगळे आहे. तुम्ही व्यवहाराचा संदर्भ क्रमांक सांगितला की पैसे ज्या बँकेत गेले तिला सूचना जाते. पैसे तेथे असतील तर ते अडवले जातात, पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला सूचना जाते. चोरांकडे भाड्याने घेतलेली खाती असतात. एखाद्या विद्यार्थ्याला किंवा मजुराला चार-पाच हजार रुपये देऊन त्याचे पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम ताब्यात घेतलेले असते. पैसे अशा पहिल्या खात्यातून पाच-सात खात्यांत फुटतात आणि शेवटी एटीएममधून निघतात. ही फोड काही तासांतच पूर्ण होते. म्हणून फोन ताबडतोब करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी करायचा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार करता येते, पण पैसे नुकतेच गेले असतील तर फोन आधी. त्यानंतर शहरात राहणाऱ्यांनी नाशिक शहर पोलिसांच्या आणि तालुक्यांतील लोकांनी नाशिक ग्रामीण पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यात जावे. जाताना खातेउतारा, संदर्भ क्रमांक, कॉलच्या यादीचे फोटो आणि १९३० कडून मिळालेला पोचक्रमांक सोबत ठेवावा.

बँकेला कळवणे हे त्याच्याइतकेच आवश्यक आहे आणि त्यामागे नियमाचे कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाचा किंवा बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच कारणाने अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य असते. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवल्यास ती ठरावीक मर्यादेपर्यंत असते. मात्र ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड सांगितला असेल तर तो त्याचा निष्काळजीपणा मानला जातो आणि बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. हे वाचून पुष्कळ लोक निराश होतात आणि तक्रारच करत नाहीत. त्यांनी पुढचे वाक्य वाचावे : बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होते ते बँकेचे. म्हणजे ओटीपी सांगून झाला असला तरी पुढच्या मिनिटापासून तुमचे रक्षण सुरू होऊ शकते, फक्त त्या मिनिटाची नोंद हवी. यासाठी तोंडी सांगून थांबू नये, तक्रार क्रमांक घ्यावा आणि त्याच दिवशी ई-मेल करावा किंवा शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड ही तिन्ही बंद करायला स्पष्ट शब्दांत सांगावे. फक्त ‘कार्ड ब्लॉक करा’ म्हटले तर फक्त कार्डच बंद होते.

मुदत ठेवींकडे विशेष लक्ष द्यावे. ज्येष्ठांना वाटते की ठेव सुरक्षित आहे कारण तिची पावती कपाटात आहे. पण नेटबँकिंगमधून ठेव मोडता येते किंवा तिच्यावर कर्ज काढता येते, आणि चोर नेमके तेच करतात. शाखेत अर्ज करून ऑनलाइन व्यवहारांची दैनंदिन मर्यादा कमी करून घ्यावी. मी माझ्यापुरते असे केले आहे की मोबाइलशी जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे असतात. निवृत्तिवेतन ज्या खात्यात येते त्याला यूपीआय जोडलेले नाही.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितले आहे की ग्राहकांना सेवेविषयी करायचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत. बँकांची संकेतस्थळेही आता ‘बँक डॉट इन’ या नावाने संपू लागली आहेत. या खुणा उपयोगी आहेत, तरी आलेल्या फोनचा क्रमांक पाहून विश्वास ठेवण्यापेक्षा फोन ठेवून आपण स्वतः छापील क्रमांकावर फोन करणे मला अधिक भरवशाचे वाटते.

पंचवटीकर

सर्व माहिती उपयुक्त आहे, पण मला एक साधा उपाय सुचतो. या वयात लॅपटॉप आणि नेटबँकिंग हवेच कशाला? काढून घ्यावे. माझ्या आई-वडिलांचे सर्व व्यवहार मीच करतो.

निफाडची सून

दादा, तुमची काळजी समजते, तरी मला हे पटत नाही. माझ्या सासूबाई साठीनंतर मोबाइलवर पैसे भरायला शिकल्या आणि त्या दिवसापासून औषध आणायला त्यांना कोणाची वाट पाहावी लागत नाही. ते काढून घेतले तर त्या गप्प बसतील, पण पुढच्या वेळी काही घडले तर आम्हाला सांगणार नाहीत.

घाटमाथा

या विषयाची दुसरी बाजू नाशिककरांनी पाहिली पाहिजे असे मला वाटते, कारण ती आपल्याच जिल्ह्यात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने इगतपुरीतील एका रिसॉर्टमध्ये भाड्याच्या जागेत चालणारे बेकायदा कॉल सेंटर उघडकीस आणले. ॲमेझॉनच्या ग्राहक मदत विभागातून बोलत असल्याचे भासवून तेथून अमेरिका आणि कॅनडासारख्या देशांतील लोकांना फोन केले जात होते आणि गिफ्ट कार्ड व आभासी चलनाच्या रूपाने पैसे उकळले जात होते. छाप्याच्या वेळी साठाहून अधिक कर्मचारी काम करताना आढळले. ४४ लॅपटॉप आणि ७१ मोबाइल जप्त झाले. आपण जेथे पावसाळ्यात धुके आणि धबधबे पाहायला जातो तेथे बसून कोणीतरी दूरदेशच्या आजी-आजोबांना हेच ‘सर, मॅडम’ ऐकवत होते.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१२ मध्येच बनावट तांत्रिक मदतीच्या टोळ्यांवर कारवाई केली होती आणि त्यांपैकी बऱ्याच टोळ्यांचे फोन भारतातून जात होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेथून अमेरिकी कर खात्याच्या नावाने धमकावले जात होते. पुढे सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र’ या नावाने देशभर मोहिमा केल्या. २०२३ च्या मोहिमेत मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून तांत्रिक मदतीच्या बनावट केंद्रांवर कारवाई झाली.

माझ्या ओळखीतील एक मुलगा, घोटीच्या बाजूचा, पदवी झाल्यावर अशाच एका ठिकाणी लागला होता. ठिकाण सांगत नाही. त्याला ‘आंतरराष्ट्रीय ग्राहक सेवा’ असे सांगितले होते. तीन आठवड्यांनी तो घरी परत आला आणि आईला म्हणाला की, मला कागदावर लिहिलेले वाचायला देतात आणि पलीकडची म्हातारी बाई रडते. त्याने नोकरी सोडली. सगळ्यांना ते जमत नाही, कारण घरचे हप्ते चालू असतात. ज्या पालकांची मुले अशा नोकरीला लागतात त्यांनी काही गोष्टी आवर्जून विचाराव्यात. नेमणूकपत्र आहे का? पगार बँकेत येतो की रोख मिळतो? कामावर जाताना स्वतःचा मोबाइल जमा करावा लागतो का? आणि मुलाला इंग्रजी टोपणनाव घेऊन बोलावे लागते का? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘मी फक्त फोन घेत होतो’ असे सांगून त्यातून सुटका होईल, या भ्रमात कोणी राहू नये.

गोदाकाठची लेक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल ऋणी आहे. खतावणीकाकांच्या सांगण्याप्रमाणे ठेवींचे अर्ज शाखेत दिले आणि पोच घेतली. लॅपटॉपमधील नोंदींचे फोटो काढून पोलिसांकडे दिले आणि त्यानंतरच विंडोज नव्याने टाकून घेतले. गोठवलेली रक्कम परत मिळावी यासाठी एका वकिलांच्या मदतीने न्यायालयात अर्ज तयार करत आहोत. उरलेले पैसे मिळतील अशी आशा वडिलांनी सोडली आहे, मी अजून सोडलेली नाही.

पंचवटीकरदादा, मीही पहिल्या आठवड्यात लॅपटॉप स्वतःकडे घेऊन आले होते. वडिलांनी अडवले नाही, चार्जरसुद्धा नीट गुंडाळून दिला. पण त्यानंतर रोजचा त्यांचा फोन यायचा बंद झाला. मी केला तर ‘ठीक आहे’ एवढेच बोलायचे. तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यांना दोन दिवस गप्प बसवले ते चोराने नव्हे, आम्ही काय म्हणू या धास्तीने. चोराने त्यांना घरात बोलू नका असे सांगितले खरे, पण तो फोन ठेवल्यावरही त्या आज्ञेचे पालन आमच्यामुळेच झाले. मी लॅपटॉप परत नेऊन दिला. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर कबूल केले की माझ्याही हातून मागच्या वर्षी कुरिअरच्या खोट्या संदेशावर कार्डाचा क्रमांक भरला गेला होता आणि मी तो प्रकार घरी सांगितला नव्हता. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग विचारले, ‘‘किती गेले?’’

आता त्यांनी स्वतः एक कागद तयार केला आहे. माझी छापील माहिती त्यांना फार लांबलचक वाटली. त्यांच्या कागदावर तीनच ओळी आहेत आणि तो फोनशेजारच्या भिंतीवर चिकटवला आहे : ‘फोन ठेवणे म्हणजे अपमान करणे नव्हे. गोपनीय म्हणाला की लगेच घरात सांगावे. १९३०.’ त्याच्या प्रती त्यांनी ज्येष्ठ नागरिक संघात वाटल्या आणि आपल्याबाबतीत काय घडले ते उभे राहून सांगितले, रकमेसह. बैठक संपल्यावर दोन जण त्यांना बाजूला घेऊन बोलले. त्यांचेही पैसे गेले होते. एकाचे मागच्या दिवाळीत, आणि ते त्यांनी तोवर पत्नीलाही सांगितलेले नव्हते.

अजून एक गोष्ट येथे नोंदवणे आवश्यक आहे. ज्यांची एकदा फसवणूक झाली त्यांची नावे आणि क्रमांक अशा टोळ्यांमध्ये पुढे विकले जातात, आणि काही दिवसांनी ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो’ असे सांगणारा फोन येतो. वडिलांना तो परवा आला. बोलणारा स्वतःला सायबर विभागाचा अधिकारी म्हणवत होता. त्याला गेलेली रक्कम अचूक ठाऊक होती आणि परतावा सुरू करण्यासाठी त्याने ४,५०० रुपये शुल्क मागितले.

हे मला वडिलांकडूनच कळले, कारण त्याचा फोन ठेवल्याबरोबर त्यांनी मला फोन लावला. मी कार्यालयात बैठकीत होते, तरी उचलला. पहिले वाक्य त्यांनी असे म्हटले : ‘‘त्याचे वाक्य पूर्ण व्हायच्या आत ठेवला बरं का.’’ मागून आईचा आवाज येत होता, ती विचारत होती की चहा आता आणू का.